दोन फ्रेम जास्त

खुर्चीत बसण्याआधी काका ती एकदा मागे ढकलायचे, मग पुढे ओढायचे. खिशात रुमाल असूनही चष्मा शर्टाच्या टोकानं पुसायचे. अर्धा चहा पिऊन कप उजवीकडे ठेवायचे. डावीकडे कधीच नाही, डावी बाजू कीबोर्डची. नखं रविवारी कापायचे, डाव्या हाताची बुधवारी पुन्हा. कुणी बोलायला लागलं की त्याच्या डोळ्यांकडे न बघता पापण्यांकडे बघायचे. माणसाचं म्हणणं संपलं की पापणी मिटते, कट तिथं घ्यायचा, असं त्यांचं शास्त्र. फोनवर पलीकडचा लांबण लावायला लागला की यांची डावी करंगळी टेबलावर टकटक करायची. तिथं बटण नसायचं, पण ते त्याला कापत असायचे. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक पेनड्राइव्ह. आंघोळीलाही काढत नाहीत, असं ऑफिसात आवाज जुळवणारा, सगळ्यांचा आवाजवाला, सांगायचा. त्याला कसं माहीत, हे कुणी विचारलं नाही. आणि शुक्रवारी साडेचार वाजता ते दोन्ही तळहात एकमेकांवर घासायचे.

शुक्रवारी साडेचारला कचरा असायचा.

दुसऱ्या मजल्यावर पाच खोल्या आणि मधे एक हॉल. खोल्यांमध्ये थंडी, हॉलमध्ये उकाडा. माहितीपट, संस्थांच्या फिल्म, मालिका, जे येईल ते इथं कापलं जायचं. कापणारे, म्हणजे संकलन करणारे, नऊ जण. त्यातल्या आठांना काकांनी शिकवलं होतं. नववे ते स्वतः. सगळ्यांच्या मशीनमधून दिसेल असा एक फोल्डर होता, त्याचं नाव 'कचरा'. आठवडाभर काका इतरांच्या कामातून फिरायचे आणि वाईट कट वेचून त्यात टाकायचे. शुक्रवारी ते हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लागायचे. ज्याचा कट लागेल त्यानं उभं राहायचं, एका वाक्यात चूक सांगायची आणि कट बंद होईपर्यंत उभंच राहायचं. सबब चालायची नाही.

"सबब सांगायची असेल तर वकिली करा," काका म्हणायचे.

कादंबरीनं हे वाक्य पहिल्याच महिन्यात ऐकलं. कादंबरी हे तिचं नाव नव्हे. ती साहित्यात पदवी घेऊन आली होती आणि तिचा पहिलाच कट चांगला बारा सेकंद लांबला होता. "काय गं, शॉट आहे की कादंबरी?" काका म्हणाले, आणि नाव चिकटलं. पुढं पगाराच्या पाकिटावरही कुणीतरी तेच लिहिलं.

शिकवायचे मात्र हातचं राखून न ठेवता. एका सेकंदाची पंचवीस चित्रं, एकेका चित्राला फ्रेम म्हणायचं, हे तिला माहीत होतं. दोन फ्रेमांनी माणूस प्रामाणिकचा लबाड होतो, हे काकांनी दाखवलं. उत्तर देण्याआधी एकजण जरा थांबतो. ते थांबणं ठेवलं तर विचारी दिसतो, दोन फ्रेम वाढवलं तर खोटारडा. "दोन फ्रेम काढ," हे ते दिवसातून वीसदा म्हणायचे. आवाजवाल्यानं हिशेब मांडला होता: नोकरी लागल्यापासून काकांनी एवढ्या दोन-दोन फ्रेम काढल्यात की त्या जोडल्या तर त्यांच्या आणखी एका लग्नाची फिल्म होईल.

"नको रे बाबा," काका म्हणाले. "एकच अजून कापून व्हायचंय."

तिच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एका म्हातारीची मुलाखत होती, मुलगा गेलेली. कादंबरीनं तिचा हुंदका पुरता संपू दिला, वर आणखी थोडं ठेवलं. शुक्रवारी तो शॉट टीव्हीवर आला. ती उभी राहिली.

"ही बाई रडतेय," काका म्हणाले, "की तुझ्या कटची वाट बघतेय?"

हॉल फुटला. काकांनी शॉट पुन्हा लावला. मग पुन्हा. सहा वेळा लावला. प्रत्येक वेळी हुंदका संपायचा, म्हातारी कॅमेऱ्याकडे बघायची आणि हॉल हसायचा. त्या दिवशी कादंबरीची आई ऑफिस बघायला आली होती. मागच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन बसली होती. सगळे हसतायत म्हणून तीही हसत होती. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, पण मुलीच्या साहेबांसमोर गंभीर बसणं बरं दिसणार नाही, एवढं कळत होतं.

घरी जाताना आई म्हणाली, "काका चांगले शिकवतात गं. किती जीव तोडून!"

कादंबरीनं आईच्या मांडीवरची पर्स घेतली आणि बसमधून उतरायला उठली.

पुढं दोन वर्षांनी मालकांनी काकांना बोलावलं. मालक म्हणजे थोरल्या मालकांचा मुलगा, काकांच्या मांडीवर खेळलेला. ते सांगायला काकांना आवडायचं आणि ऐकायला मालकांना आवडायचं नाही.

"काका, सॉफ्टवेअर बदलायचं. हे आता फार मरतं," मालक म्हणाले. "तुम्ही निवडा. तीन आहेत. सहा आठवडे घ्या. पण बावन्न भागांची मालिका आलीय. नव्यावर जो सगळ्यांसमोर काम करून दाखवेल, शिकवेल, मालिका त्याची आणि पहिली खोली त्याची."

"पहिली खोली माझीच आहे."

"म्हणून तर म्हणतो. राहू दे तुमचीच."

पहिल्या खोलीला खिडकी होती. पाचांत तेवढीच एक. काका तिच्याकडे पाठ करून एकोणीस वर्षं बसले होते. त्या खिडकीतून त्यांनी बाहेर बघितलेलं कुणाला आठवत नव्हतं. पण ती दुसऱ्याची होणार, या नुसत्या बोलण्यानं त्यांचा चहा त्या दिवशी अर्ध्याऐवजी पुरता राहिला.

टिपणं घ्यायला त्यांनी कादंबरीला शेजारी बसवलं. "तुझं अक्षर बरं आहे. बाकी काय बरं आहे ते अजून बघायचंय."

तिन्ही प्रोग्रॅमना त्यांनी पहिल्याच दिवशी नावं ठेवली. एकोणीस वर्षं वापरलेला, तो म्हातारी. दुसरा दरवर्षी भाड्यानं घ्यावा लागायचा, तो भाडोत्री. तिसरा अगदी नवा, चकचकीत, उघडायला वेळ लावणारा, ती नवी सून.

"दुकानदार सांगतो काय काय करता येतं," ते म्हणाले. "त्याला काय अर्थ आहे? कापायला तिन्हींत येतं. आपण विचारायचं, घाईत काय बिघडतं. लिही."

तिनं लिहिलं.

एका काचकामगाराची मुलाखत होती. शेजारी त्याची बायको. दोन कॅमेरे, आवाज वेगळा, चाळीस मिनिटं. तीच मुलाखत काकांनी तीनदा कापली. आवाज आणि चित्र किती वेळात जुळतात, बघितलं. नऊ वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट काढला आणि तो कोण ओळखतं, बघितलं. चालू शॉटची कड चालता-चालता दोन फ्रेम मागे घेता येते का, बघितलं. एकाच प्रोजेक्टात दोघांनी एकदम हात घातला तर कुणाचं काम पुसलं जातं, हे बघायला आवाजवाल्याला बसवलं. त्याचंच पुसलं गेलं. मग ऐन कामात काकांनी भिंतीवरची पिन उपटली. मशीन मेलं. पुन्हा लावलं तेव्हा म्हातारीनं अकरा मिनिटांचं काम गिळलं होतं. भाडोत्री इंटरनेट मागत बसला. नवी सून जिथं मेली होती त्याच फ्रेमवर उघडली.

काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला.

"लिही," मग म्हणाले. "सून चांगली आहे."

त्यांना म्हातारी जिंकायला हवी होती. हे तिला दिसत होतं. दिवसभर म्हातारीच्या चुका लिहायला सांगताना त्यांचा आवाज पडायचा. पण एक ओळ त्यांनी खोटी लिहवली नाही.

एक गोष्ट मात्र लिहिली गेली नाही. पहिल्या सकाळी, कामाला लागण्याआधी, काकांनी तिच्यादेखत गळ्यातला पेनड्राइव्ह काढून तिन्ही प्रोग्रॅममध्ये लावला होता. त्यात एक लहानशी फाइल होती. त्यांची बटणं. कुठल्या बटणानं कापायचं, कुठल्यानं मागं घ्यायचं, ही त्यांच्या बोटांची एकोणीस वर्षांची मांडणी. प्रत्येक प्रोग्रॅम येताना कंपनीची बटणं घेऊन येतो. जुने लोक ती बदलून आपली लावतात. दोन मिनिटांचं काम. चष्मा घालावा तसं ते करून टाकलं आणि चष्म्यासारखंच विसरून गेले.

पाचव्या आठवड्यात ते खुर्चीत मागे रेलले. नव्या सुनेवर मुलाखत सरसर कापून झाली होती.

"बघितलंस? पाच आठवडे. हात बसला. वय-बिय काही नसतं, कादंबरे."

तिनं तोंड उघडलं. हात नव्या सुनेवर बसलाच नव्हता. तो जुन्याच जागी होता, त्याच्याखाली फक्त सून आणून ठेवली होती. एक वाक्य पुरलं असतं. तिला मागच्या खुर्चीतली आईची पर्स आठवली.

"हो ना काका," ती म्हणाली.

त्यानंतर रोज सकाळी घरी, जेवणाच्या टेबलावर, ती नवी सून उघडून बसायची. कंपनीच्या बटणांवर. आई विचारायची, काय करतेस? "अभ्यास," ती म्हणायची. आईला बरं वाटायचं.

काकांनी अहवाल दिला. मालकांनी नवी सून घेतली. गुरुवारी अकरा वाजता हॉलमध्ये दाखवायचं ठरलं: काचकामगाराच्या मुलाखतीतून एक मिनिट, सगळ्यांसमोर, कापून. दोघे रजेवर होते, त्यांच्यासाठी सगळं टिपून ठेवायचं होतं. पडदा मशीनमध्येच रेकॉर्ड होणार होता आणि समोर एक कॅमेरा लावला होता, काका आणि त्यांचे हात दिसतील असा. मशीन नवं. त्यावर सून कादंबरीनंच बसवली.

सगळे जमले. मालक पुढं, पायावर पाय टाकून. काकांनी खुर्ची मागे ढकलली, पुढे ओढली.

तेव्हा ती म्हणाली, जरा मोठ्यानं, "काका, पेनड्राइव्ह लावू का तुमचा?"

खोलीत विचारलं असतं तर ते थांबले असते. गळ्याला हात गेला असता, आठवलं असतं. तिनं हॉलमध्ये विचारलं.

"जुनी बटणं?" काका हसले. "ती म्हातारीसाठी होती. मला कुबड्या लागत नाहीत." आणि सगळ्यांकडे वळून, "बघा रे. शिका."

डावी करंगळी खाली गेली.

शॉट कापला गेला नाही. शॉटच गेला. त्या बटणानं कंपनीच्या मांडणीत शॉट उचलून फेकला जातो आणि पुढचं सगळं मागे सरकतं. काचकामगारानं तोंड उघडलं आणि त्यातून त्याच्या बायकोचा आवाज आला. "हे घरी अजिबात बोलत नाहीत."

कुणीतरी फिसकलं.

काकांनी मागं घ्यायचं बटण दाबलं. त्यांचं. कंपनीच्या मांडणीत त्यानं चित्र पडदाभर होतं. टीव्हीभर काचकामगाराचा चेहरा आला, तोंड उघडं, आत तीन दात. काकांनी पुन्हा दाबलं. चेहरा गेला. पुन्हा दाबलं. आला. घाबरलेली बोटं आणखी वेगानं चालायला लागली आणि जितकी वेगानं चालली तितके शॉट उडत गेले. चाळीस मिनिटांची मुलाखत डोळ्यांदेखत आखडत चालली.

"काका, सूनबाई चिडल्या वाटतं," मालक म्हणाले.

"माहेरी निघाली," आवाजवाला म्हणाला. "सामान घेऊन."

"मशीन नवं आहे," काका पुटपुटले. "मशीनमध्येच काहीतरी..."

"सबब सांगायची असेल तर," आवाजवाला म्हणाला, आणि अख्ख्या हॉलनं एका सुरात वाक्य पुरं केलं, "वकिली करा!"

काका थांबले. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. मग तो हात गळ्याकडे गेला. पेनड्राइव्हला लागला. त्यांनी मान वर केली आणि कादंबरीकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, पापण्यांकडे. तिनं पापणी मिटली नाही.

पेनड्राइव्ह लावायला त्यांनी दोरा गळ्यातून काढला, पण मालक उठले होते.

"राहू द्या आता. कादंबरी, तुला जमतंय का बघ गं."

तिनं सहा मिनिटांत कापून दाखवलं. काका शेजारी उभे होते. बसायला दुसरी खुर्ची कुणी दिली नाही. तिला मागायचं सुचलं नाही, असं ती नंतर स्वतःला सांगायची. सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. काका आले. साडेचारला हॉलमध्येही आले. तळहात घासले, सवयीनं, आणि मग ते कशाला घासले ते न कळून खिशात घातले. त्या आठवड्यात त्यांनी फोल्डरमध्ये काही टाकलं नव्हतं. तरी त्यात एक फाइल होती. नाव, 'सूनबाई'. दोन मिनिटं दहा सेकंद.

ती कादंबरीनं कापली होती. बारा कट. करंगळी, तीन दात, करंगळी, तीन दात. "हे घरी अजिबात बोलत नाहीत" हे वाक्य तिनं तीन ठिकाणी वापरलं होतं आणि तिसऱ्या वेळी ते काकांच्या मिटल्या तोंडावर होतं. वकिली करा, हे अगदी ठोक्यावर. इतकं चांगलं तिनं आजवर कापलं नव्हतं. आवाजवाल्याला बसवेना. मालकांनी डोळे पुसले.

फिल्म संपली. मग नियम आठवून हॉल जरा गप्प झाला.

काका उभे राहिले.

"सातव्या कटाला दोन फ्रेम जास्त आहेत," ते म्हणाले.

"म्हणजे बाकी बरोबर?" मालकांनी विचारलं.

"बाकी बरोबर. चांगलं कापलंय."

"पुन्हा लावा!" मागून कुणीतरी ओरडलं.

सहा वेळा लावली. मोजणारी ती एकटीच होती. नियमाप्रमाणे काका शेवटपर्यंत उभे होते.

सोमवारी पहिली खोली तिची झाली. काकांना पाचवी मिळाली. तिथं जुन्या टेप असायच्या. टेप यंत्रात घालायची, ती तासभर चालायची, कॉम्प्युटरमध्ये उतरायची, की दुसरी घालायची. ते काम कुणीही करू शकतं आणि म्हणून आजवर कुणी केलं नव्हतं. काका सोमवारी आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. पहिल्या खोलीच्या टेबलावर पेनड्राइव्ह होता, दोरा नीट गुंडाळलेला. ती तो द्यायला संध्याकाळी त्यांच्या घरी गेली. खरं म्हणजे ते कसे दिसतात ते बघायला गेली.

दार काकूंनी उघडलं. हातात ओला टॉवेल.

"अहो, कुणीतरी आलंय," त्यांनी आत ओरडून सांगितलं. मग तिला खालीवर बघितलं. "तूच का गं ती? यांचा सिनेमा काढणारी?"

तिनं चपला काढल्या.

"मला दाखवला नाही यांनी. मी म्हटलं, दाखवा की, इतकी वर्षं दुसऱ्यांची तोंडं कापलीत, तुमचं कसं दिसतं बघू तरी. तर म्हणे, तुला कळायचं नाही." काकू टॉवेल झटकत म्हणाल्या, "घरात मला एक वाक्य कधी पुरं करू दिलं नाही. निम्म्यात यांची करंगळी टकटक. बरं केलंस. ये, बस."

आतल्या टेबलाशी काका बसले होते. समोर कीबोर्ड. वहीच्या कागदाचे नखाएवढे चौकोन कापून, त्यांवर बारीक अक्षरात लिहून, ते बटणांवर डिंकानं चिकटवत होते. कापा. मागं घ्या. फेका. कंपनीची बटणं. वरच्या दोन ओळी झाल्या होत्या.

"ठेव तिथं," ते पेनड्राइव्हकडे न बघता म्हणाले. "आणि त्या फिल्मचा प्रोजेक्ट दे मला. पाचव्या खोलीत टाकून ठेव."

"कशाला, काका?"

"सातवा कट."

"आता कोण बघणार आहे ती?"

"तुला दिसलं नाही का तिथं?"

"काय?"

त्यांनी एक चौकोन बोटावर घेतला, डिंक लावला, नीट बसवला.

"तू बघत नाहीस, कादंबरे. नुसती कापतेस."

बाहेर पडताना काकू म्हणाल्या, "चहा घेतला असतास." पण चहा केलेला नव्हता.

पुढचे तीन आठवडे काका पाचव्या खोलीत यायचे. कागदाचे चौकोन लावलेला तो कीबोर्ड पिशवीतून आणायचे. जाता-येता आवाजवाला दारातून डोकवायचा. "काका, सून कशी आहे?" "नांदतेय," काका म्हणायचे. शुक्रवारी ते हॉलमध्ये येत नसत. कचरा आता कादंबरी लावायची. तिलाही तळहात घासायची सवय लागली, ती दुसऱ्या कुणी दाखवून दिली.

एकदा ती पाचव्या खोलीवरून गेली तेव्हा दार अर्धं उघडं होतं. काकांची पाठ दिसत होती. डावा हात कीबोर्डवर, बोटं एकेका कागदावर नेऊन दाबत होते, पहिलीतलं मूल पाटीवर गिरवतं तसं हळू. ती बघत उभी राहिली. मग आपल्याला काम आहे हे तिला आठवलं.

बुधवारी दुपारी टेप संपली आणि कुणी बदलली नाही. तासाभरानं आवाजवाल्याला भिंतीपलीकडून नुसती खरखर ऐकू यायला लागली म्हणून तो बघायला गेला. पडद्यावर मुंग्या चालत होत्या. काकांची हनुवटी छातीवर आली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, काही कळलं नसेल. हे डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात.

शुक्रवारी साडेचारला सगळे हॉलमध्ये उभे राहिले. मालक चार शब्द बोलले. थोरल्या मालकांच्या काळापासून, वगैरे. मांडीवर खेळल्याचं त्यांनी आज स्वतःच सांगितलं. मग दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं. दीड मिनिट झालं असेल.

"काका दोन फ्रेम आधीच कटले," आवाजवाला हळूच म्हणाला.

हसू फुटलं. दाबायला गेले तसं आणखी फुटलं. सगळ्यांत आधी कुणाचं फुटलं ते तिला माहीत होतं, कारण ते तिच्याच तोंडातून आलं होतं.

मग ती पाचव्या खोलीत गेली. मशीन कुणी बंद केलं नव्हतं. कीबोर्डवर कागदाचे चौकोन, कडेनं काळवंडलेले. शेवटच्या ओळीतली चार बटणं मोकळी राहिली होती. पेनड्राइव्ह कुठंच नव्हता. तिनं माऊस हलवला. पडदा जागा झाला. नवी सून, कंपनीच्या मांडणीवर. 'सूनबाई' उघडी होती.

पहिले सहा कट त्यांनी नव्यानं केले होते. कुठं एक फ्रेम, कुठं तीन. प्रत्येक कटावर खूण आणि खुणेवर त्यांचं टिपण. 'मालकांचं हसू आधी येऊ दे.' 'इथे मी खोकलोय, ठेव, बरं दिसतं.' 'दात दुसऱ्यांदा लांबवलेत, हाव.' 'करंगळी जवळून हवी होती.' तिनं ते सहा कट चालवून बघितले. फिल्म आणखी हसवणारी झाली होती. तीन सेकंदांनी आखूडही.

सातवा कट. गळ्याकडे हात नेऊन काका मान वर करतात, तो कॅमेऱ्यातला शॉट, आणि मग पुढचा. हा कट तिनं बारकाईनं केला होता. निदान तिला तसं वाटत होतं. तिनं शॉट एकेक फ्रेम करत पुढं नेला. काकांचा चेहरा. चेहरा. चेहरा. मग शेवटच्या दोन फ्रेमांत समोर उभा असलेला कुणीतरी बाजूला सरकला होता आणि चौकटीच्या डाव्या कडेला ती स्वतः दिसत होती. हातात टिपणांची वही. हसत होती. बाकी कुणी त्या क्षणी हसत नव्हतं.

चालत्या फिल्ममध्ये ते कुणालाच दिसलं नसतं. सेकंदाचा बारावा भाग. त्यांना त्या शुक्रवारी पहिल्याच खेपेला दिसलं होतं.

कर्सर त्याच दोन फ्रेमांवर थांबला होता. शेवटचं सेव्ह बुधवारचं, दोन वाजून चाळीस मिनिटांचं. खुणेवर तीन शब्द होते, 'या दोन काढायच्या'.

काढलेल्या नव्हत्या. त्यापुढचे पाच कट तिनं केले होते तसेच होते.